हातावाचून फोटो नाही

टेकरीवरच्या देवळाचे भोंगे सुरू झाले की देवासात दुसरं काही ऐकू येत नाही. नवरात्रात अनवाणी माणसांचे लोंढे आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरकत असतात, कोपऱ्याकोपऱ्यावर साबुदाण्याच्या खिचडीची पातेली चढलेली असतात, आणि मी आपली गच्चीवर कुंड्यांपुढे उकिडवी बसलेली. शेवंतीला कळी धरायचे हे दिवस. कळी आधी दिसत नाही, बोटाला लागते. शेंड्याच्या पानांत मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं की समजावं, आली बाई. शेजारची सून जिन्यातून हाक मारते, "आंटी, माताजी के दर्शन को नहीं चल रहे?" मी म्हणते, "मेरी माताजी तो इधर गमले में बैठी हैं, तू हो आ." ती हसते. तिला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. तेही खरंच असेल.

पण कळी बोटाला लागली की मला ओटा आठवतो, आणि ओटा आठवला की हातातलं काम राहतं. इतक्या वर्षांनी राहू नये, पण राहतं. त्याला मी काय करू?

ओटा म्हणजे दगडाचा नव्हे, संगणकातला ओटा, इंटरनेटवरचं एक पान, जिथे माणसं लिहीत आणि फोटो लावीत. मी आणि माझा थोरला भाऊ, दोघांनी मिळून तो चालवला. दादा धारला पाटबंधारे खात्यात कारकून, मी इथे देवासला हिंदी शाळेत मास्तरीण. आमचे पूर्वज दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून माळव्यात आले ते माळीकाम करायला. संस्थानची बाग गेली, माळीपण गेलं. दादाच्या देवघरात एक खुरपी आणि एक गंजकी कात्री तेवढी राहिली. शेवंतीचं वेड मात्र रक्तातून कुणाला काढता आलं नाही. दादाच्या कचेरीत संगणक आले, तो शिकला, आणि एका दिवाळीला मला म्हणाला, "शालू, आपल्यासारखे येडे अजून असतील की गं माळव्यात. त्यांच्यासाठी एक ओटा बांधू." तेव्हा मोबाईल असे हातोहाती नव्हते. मी म्हटलं, "बांध बाबा. बसायला कोण येणारे?"

आले, हो! इंदूर-उज्जैनहून आले, हाटपिपल्याहून नानासाहेब आले, कुठे कुठे लांब लग्न होऊन गेलेल्या आमच्या माळव्याच्या लेकी आल्या. शेवंती लावणारे, आणि शेवंती लावायला जागा नाही म्हणून नुसती बघायला येणारेही. लिहायचं मराठीत, कसंही चालेल, एवढीच अट. आमचं इकडचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी, पाव माळवी आणि उरलेलं पूजेच्या पोथीतलं. तरुण पोरं तर हिंदी शाळांतली, बोलतील धडाधड, पण वाचताना अडखळतील. एक मुलगी लिहायची, "मेरे शेवंतीला कीडा लागला आहे, क्या करू?" मी मास्तरीण असून तिला कधी सुधारलं नाही. दादानं ताकीदच दिली होती, "लाल शाई शाळेत ठेवून यायची, शालू."

आणि दुसरा नियम हाताचा. तो घातला वहिनीनं.

झालं असं की नानासाहेबांनी एकदा लिहिलं, आमच्या अंगणात ताटाएवढी शेवंती उमलली आहे. नानासाहेब म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, फोनवर आवाज बारीक आणि बाता मोठ्या. फोटोत नुसतं फूल, कडेपासून कडेपर्यंत. दादा चरफडायला लागला. वहिनी मागे उभी राहून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "त्यांना सांगा, फुलाजवळ हात ठेवून फोटो काढा. ताट आहे का वाटी, कळेल." दादानं तसं लिहिलं. दोन दिवस नानासाहेब गप्प. मग फोटो आला: अंगठी घातलेला त्यांचा हात, आणि शेजारी आपली बिचारी वाटीएवढी शेवंती. काय हसलो आम्ही! नानासाहेबांनी स्वतःच खाली लिहिलं होतं, "ताट लहान मुलाचं होतं." तेव्हापासून ओट्यावर कायदा झाला, हातावाचून फोटो नाही.

कायदा केला मापासाठी, पण झालं भलतंच. त्या माणसांचे चेहरे मी कधी बघितले नव्हते. नुसते हात ओळखीचे झाले. अंगठी दिसली की नानासाहेब. मेंदी दिसली की समजायचं, कुणाकडे तरी लग्न झालं. एकीनं तान्ह्या लेकराची मूठ ठेवली होती फुलाजवळ, तर आम्ही सगळे फुलाचं बोलायचं विसरून गेलो. कुणाच्या हाताला पट्टी दिसली की पाठोपाठ दहाजण विचारायचे, "काय झालं भिया?" भैयाचं आमच्या माळव्यात भिया होतं. माणसं तोंडानं खोटं बोलतात, पण हाताला ते जमत नाही.

दादाच्या फुलांजवळ मात्र कधी दादाचा हात नसायचा. तो कॅमेऱ्यामागे. हात वहिनीचा. चेहऱ्याचा फोटो काढू म्हटलं की ती पदर ओढून पाठ फिरवायची, "माझं थोबाड कशाला? फूल बघा फूल." हात मात्र निमूट द्यायची. हिरव्या बांगड्या, मनगटावर तव्याचा जुना चटका, कधी नखांत कणीक, दिवाळीत करंजीचं सारण. वर्षं गेली तशा बोटांच्या गाठी सुजल्या, बांगड्या घट्ट झाल्या, मग त्या काढून तिनं मोठ्या भरल्या. हे सगळं ओट्यावर होतं. कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं. शेवंतीच्या मागोमाग आपसूक जमत गेलं होतं. दादा फोटो ओट्यावर चढवायचा आणि कॅमेऱ्यातला पुसून टाकायचा. म्हणायचा, "ओट्यावर आहे ना, मग दोनदा कशाला?"

वहिनीची स्वतःची एक शेवंती होती. पिवळ्या झाडाला एका वर्षी एक फांदी वेगळी आली: पाकळी वरून सायीसारखी, उलटी केली की तांब्याच्या रंगाची. तिनं ती फांदी वेगळी लावली आणि जगवली. बाकीची शेवंती दिवाळीपासून फुलायची आणि मार्गशीर्ष संपता संपता करपायची. ही बया पौषात उमलायची, सगळ्यांचं आटोपल्यावर. दादानं तिचं नाव ठेवलं 'मागाहून'. कारण पंगत वाढली की वहिनी कायम म्हणायची, "तुम्ही बसा, मी मागाहून." तिनं कधी गरम पोळी खाल्ली असेल असं मला वाटत नाही. नाव ऐकून ती म्हणाली, "इश्श! चारचौघांत काय लिहायचं ते." पण फोटोला हात देताना त्या दिवशी तिनं आधी तो नीट धुऊन घेतला.

फाल्गुनात आम्ही एकमेकांना फुटवे पाठवायचो. ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर चिठ्ठी डकवून, बसच्या ड्रायव्हरच्या मागे ठेवायचे. धारहून सकाळी निघालेला फुटवा इंदूरला बस बदलून दुपारी माझ्याकडे. कंडक्टर ओरडायचा, "मैडम, आपका झाड़ आया है, इसका भी टिकट लगेगा!" 'मागाहून'चा फुटवा मात्र वहिनी सहजी कुणाला देत नसे. मला दोनदा दिला, दोन्ही वेळा पावसाळ्यात कुजला. तिसऱ्यांदा मागितला तर म्हणाली, "वन्सं, आधी तुमच्या कुंडीला भोकं पाडा."

ओट्यावर संकटं काय कमी आली? एकदा कुठल्या परमुलखातून गोळ्या-औषधांच्या जाहिरातींचा असा पूर आला की शेवंती शोधावी लागायची. मी आणि दादा आठवडाभर नुसते झाडू मारत होतो. मग भांडण झालं, नर्सरीतून आणलेल्या संकरित फुलांना ओट्यावर जागा द्यायची की नाही. निम्मे लोक रुसून गेले, त्यातले निम्मे थंडी पडल्यावर परत आले. मग हातोहाती मोबाईल आले आणि माणसं तिकडे सांडली. ओट्यावर कधी कधी दिवसभर मी आणि दादा दोघंच. तरी दादा रोज दिवा लावल्यासारखा एक फोटो टाकायचा. मी विचारलं, "कुणासाठी रे?" म्हणाला, "ओटा कधी ओस दिसू देऊ नये."

मग एका श्रावणात वहिनी गेली. तापाचं निमित्त झालं. चार दिवसांत आटोपलं सगळं. इथे मात्र ती मागाहून गेली नाही, आमच्या सगळ्यांच्या आधी गेली.

दादा वर्षभर फारसं बोलला नाही. पण ओट्यावर बसून असायचा. मला आधी वाटलं, कामात मन रमवतोय. नंतर कळलं, तो जुने फोटो बघत असायचा, अगदी पहिल्यापासून. एकदा मी गेले तर पडद्यावर एक पांढरी शेवंती होती आणि तो म्हणाला, "ही बघ, ही तुझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळची. चुडा बघ." मी बघितलं. फुलाकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्याच आश्विनात, ह्याच दिवसांत, ज्या कंपनीच्या यंत्रावर ओटा होता तिचा निरोप आला: आम्ही दुकान बंद करतो आहोत, आपापलं सामान उचला. दादानं सगळं उतरवून घेतलं, एका हातात मावेल एवढ्या डब्यात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये. जुन्या जागेवरचं पुसून दिलं. नवी जागा ठरली होती. मी म्हटलं, "चढवून टाक की लगेच." तर म्हणाला, "दसऱ्याला चढवू. सीमोल्लंघनाचा मुहूर्त आहे. चांगलं काम चांगल्या दिवशी." मलाही ते पटलं. आम्ही असेच लोक आहोत, घर बदलताना दूधसुद्धा मुहूर्तावर उतू घालवणारे.

मधे एकच दिवस होता, खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. खुरपी, कात्री, वहिनीची विळी, शिवणाचं मशीन. संगणक आल्यापासून दादा त्याचीही पूजा करू म्हणायचा, आणि दर वर्षी वहिनी त्याला आडवी यायची. विजेच्या वस्तूला पाणी लावायचं नाही म्हणायची, आणि ताम्हनात संगणकाच्या नावानं एक सुपारी ठेवायची. दादा कुरकुरला की म्हणायची, "अहो, बायको नसली तर माणूस कनवटीला सुपारी खोचून पूजेला बसतो, देव चालवून घेतो. बायकोच्या जागी सुपारी चालते, आणि तुमच्या डब्याच्या जागी चालत नाही? डबा काय बायकोपेक्षा मोठा?" मग सगळे हसायचे आणि सुपारीला हळदकुंकू लागायचं.

त्या वर्षी आडवं यायला कुणी नव्हतं. दादानं एकट्यानं सगळी पूजा मांडली, आणि काही राहू नये म्हणून फार मनापासून मांडली. ताम्हनात खुरपी, खुरपीशेजारी कात्री, कात्रीशेजारी तो डबा, ज्यात वहिनीचा हात होता. फुलानं पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओल्या झेंडूची माळ घातली. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही हा आमचा नेम, तोही पाळला. रात्रभर डबा ओल्या झेंडूखाली. दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर तार जोडली. डब्यातून टकटक आवाज आला. मग तोही थांबला.

इंदूरला आम्ही दोघं घेऊन गेलो. दुकानदारानं डबा उघडला, बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "भिया, ये क्या, इसमें तो हल्दी निकल रही है!" दुकानातली माणसं हसली. मलाही हसू आलं, खोटं का बोलू? असं हसू येतं कधी कधी, चुकीच्या ठिकाणी. दादा नाही हसला. त्यानं एवढंच विचारलं, "कुछ भी नहीं? एक फोटो भी नहीं?" आणखी दोन दुकानं केली, एकदा डबा दूर कुठे पाठवूनही पाहिला. काही नाही. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शालू, ओटा गेला त्याचं काही नाही गं. तिचा हात गेला." आणि मग म्हणाला, "ती असती तर सुपारी ठेवली असती." मी पदर तोंडात धरून बसले.

त्यानंतर मी जंग जंग पछाडलं. ज्याचा ज्याचा पत्ता होता त्याला विचारलं, जुने फोटो पाठवा. पुष्कळ आले. नानासाहेबांनी तर आपला ताटाचा फोटोसुद्धा पाठवला, लाज गुंडाळून. पण दादाची फुलं कुणाकडे नव्हती. लोकांनी ती बघितली होती, ठेवली कुणीच नव्हती. ओट्यावर आहेत ना, मग दोनदा कशाला. मोबाईलवर मी एक गट काढला, आजही चालवते. तो बरा आहे. पण तिथे माणसं सकाळी सकाळी कुठल्यातरी परदेशी गुलाबावर सुप्रभात लिहून पाठवतात, आणि त्या गुलाबाजवळ कुणाचाच हात नसतो. दादा त्या गटात आलाच नाही. धारच्या गच्चीवरच्या कुंड्यांना त्यानं पाणी घालणं सोडलं. मी भांडले, "झाडांनी काय घोडं मारलंय तुझं?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा तो. म्हणाला, "आता ठेवू कुणाचा हात?" पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या कुंड्या वाळल्या, 'मागाहून'सुद्धा. वहिनी दुसऱ्यांदा गेली असं मला वाटलं, आणि ते मी दादाला तसंच तोंडावर सांगितलं. तो उठून आत गेला.

अशी काही वर्षं गेली. आश्विन येई, माझ्या कुंड्यांत कळी बोटाला लागे, मी फोन करून सांगे, आणि पलीकडून दादा म्हणे, "हं."

गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन धारला गेले होते. दुपारी दारात एक बाई उभी, खांद्याला पिशवी, हातात कुंडी. चेहरा ओळखीचा वाटेना. म्हणाली, "काका, मी रेखा. डहीची." मग ओळख पटली. परिचारिकेचं शिक्षण घेताना ती दादाच्या शेजारच्या खोलीत राहायची, वहिनीच्या हातचं जेवायची, ओट्यावरही यायची. पुढे डही गावाला नोकरी, लग्न, मुलं, आणि ओटा सुटला. "किती दिवस ओटा शोधत होते आत्या, पान खुलतंच नाही," ती मला म्हणाली. "इसकी पत्ती मुडून राहिली आहे. म्हटलं, काकांना दाखवूनच येऊ. सकाळपासून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले."

कुंडीत दोन फुलं होती. सायीच्या रंगाची. एक पाकळी वाऱ्यानं उलटली होती, तांब्यासारखी.

दादा कुंडीपाशी आला. मग खाली बसला. "तुझ्याकडे कशी ही?" "काकूंनी दिली होती ना, मी डहीला गेले तेव्हा. बोलल्या, कुणाला सांगू नकोस, वन्सं रागावतील." मी रागावले नाही. मला रडूच फुटलं. भोकं पाडली होती हो मी कुंडीला!

दादानं पान उलटं करून बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम चढला, कितीतरी वर्षांनी. "हे काय करून ठेवलंस? श्रावणात शेंडा खुडला नाहीस? युरिया घातलास?" "थोडा घातला काका." "थोडा म्हणे! मी लिहिलं नव्हतं, शेणखत आणि नालछ्याच्या रानातली पाल्याची माती सोडून हिला काही..." रेखा हळूच म्हणाली, "हौ, लिहिलं होतं. तेच वाचायला आले, तर ओटाच नाही मिळाला."

ती फोन काढून फोटो घ्यायला लागली, आणि सवयीनं आपला हात फुलाजवळ नेला. "हातावाचून फोटो नाही ना, आत्या?" दादा म्हणाला, "थांब." त्यानं आपला उजवा हात पुढे केला आणि फुलाच्या डाव्या अंगाला ठेवला, वहिनी ठेवायची तिथे. इतक्या वर्षांत त्याचा हात मी फोटोत पहिल्यांदा बघत होते. नखांत कणभर माती नव्हती. माझ्या भावाच्या, माळ्याच्या पोराच्या नखांत माती नव्हती, ते मला फार लागलं. फोटो हलला. रेखा म्हणाली, दुसरा घेऊ का? मीच नको म्हटलं.

फाल्गुनात डहीहून फुटवे आले, ओल्या गोणपाटात, बसनं. एक धारला राहिला, एक माझ्याकडे आला. उन्हाळ्यात दादानं नवा ओटा मांडला, लहानसा. जुनं त्यात काही नाही. नव्या ओट्याच्या नकला तीन ठिकाणी आहेत: एक रेखाकडे, एक नानासाहेबांकडे, एक माझ्या कपाटात साड्यांखाली. चौथा डबा दादाकडे.

आज खंडेनवमी. टेकरीवरचे भोंगे ऐन भरात आहेत, म्हणून गच्चीचं दार लावून फोन केला.

"पूजा झाली का दादा?"

"झाली आत्ताच."

"डबा कुठाय?"

"फळीवर, कापडात. घाबरू नकोस. सुपारी ठेवली."

"एकच ना?"

"दोन काढल्या होत्या."

"दोन कशाला? डबा तर एकच आहे."

"एक ताम्हनात," तो म्हणाला, "आणि एक कनवटीला."

भोंग्यांचा आवाज दारातून येतच होता. मग तोच म्हणाला, "'मागाहून'ला कळी लागली का गं तुझ्याकडे?"

"अजून नाही रे. रोज बोट लावून बघते."

"लागेल. तिचं उशिराच असतं. लागली की फोटो पाठव," दादा म्हणाला. "आणि हात ठेव."